लांबच्या पल्ल्याची सायकल आणि तिचा वेग



एखाद्या रविवारी सकाळी बिद्रीहून दोघे सायकलस्वार राधानगरीला निघाले आहेत, असं समजा. मुदाळतिट्ट्यावरून वळायचं, धरण बघायचं, भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं, एवढाच त्यांचा बेत. एकाची सायकल नवी, हलकी, अंगठ्याएवढ्या बारीक टायरची. टायर दगडासारखे टणक भरलेले. दुसऱ्याची घरातली जुनी काळी सायकल. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड सगळं जागच्या जागी. आधी परत कोण येईल?

शंभरातली नव्वद माणसं पहिल्याचं नाव घेतील. सायकल हलकी तेवढी पळणारी आणि हवा टणक तेवढा वेग जास्त, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणूनच घरची सायकल गोठ्यात गंजत पडते आणि पोरगा नव्या सायकलीसाठी बापाकडे हट्ट धरतो. बापाच्या खिशाला बसणारा चिमटा खरा असतो. तेव्हा ती समजूत खरी आहे की नाही, हे एकदा तपासून घेतलं पाहिजे. त्यासाठी सायकलच्या इतिहासाइतका चांगला साक्षीदार नाही. शर्यतीच्या गोल मैदानावर दहा मिनिटं पळणं वेगळं आणि खडबडीत रस्त्यावर दिवसभर चालणं वेगळं. हा फरक लोकांना कळायला फार वर्षं लागली.

आधी एक आकडा लक्षात घेऊ. १८९१ सालच्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये पॅरिसपासून समुद्रकाठच्या ब्रेस्ट गावापर्यंत आणि तिथून परत पॅरिस, अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. शार्ल तेरों हा गडी सुमारे ७१ तासांत परत आला आणि पहिला ठरला. आता भागाकार करा. ताशी १७ किलोमीटरसुद्धा पुरते भरत नाहीत! सपाट सडकेवर आपला एखादा तरणा पोरगाही तासभर या वेगानं सायकल मारील. मग तेरोंनं विशेष ते काय केलं? तो थांबला नाही. त्याचा प्रतिस्पर्धी झिएल-लाव्हाल पुढं होता. परतीच्या वाटेवर तो एका गावी झोपला आणि तेवढ्यात तेरों त्याला मागं टाकून निघून गेला. लांबच्या पल्ल्याचा पहिला धडा हा आहे. वेग नुसता पायात नसतो. न थांबता, न शिणता किती वेळ चालता येतं, त्यात तो असतो. जी सायकल माणसाला कमी शिणवते, ती शेवटी वेगवान ठरते.

मग सायकल माणसाला शिणवते कुठं? चार ठिकाणी. रस्त्याच्या धक्क्यात, चढावर, वाऱ्यात आणि अंगाच्या अवघडलेपणात. या चारही दुखण्यांवर औषध कसं सापडत गेलं, ते क्रमानं पाहू.

धक्क्यापासून सुरुवात करू. १८१७ साली जर्मनीत मानहाइम गावी कार्ल ड्राइस यानं दोन लाकडी चाकांचं वाहन केलं. त्याला पायडल नव्हतं; वर बसून पायांनी जमीन मागं रेटायची. पुढं १८६०च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल लागलं. चाकं लाकडाची, वर लोखंडी धाव, आणि रस्ते दगडी. इंग्लंडात लोकांनी तिचं नावच ‘हाडं खिळखिळी करणारी’ असं ठेवलं. मग पुढचं चाक मोठं, माणसाच्या छातीइतकं उंच झालं. पायडल थेट चाकालाच असल्यामुळं एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचं तर चाक मोठंच हवं, हे त्याचं मुख्य कारण. पण मोठं चाक खड्ड्यावरून सौम्यपणे जातं, हाही फायदा होता. तोटा असा की, माणूस पडला तर थेट डोक्यावर.

१८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यानं रोव्हर नावाची सायकल आणली. मागच्या चाकाला चेन आणि दोन्ही चाकं जवळजवळ सारखी. आपण आज चालवतो तिची ती आजी. पडण्याची भीती कमी झाली, पण चाकं लहान झाल्यामुळं धक्के मात्र वाढले. चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. ती आवाज कमी करी, धक्का नव्हे.

आणि इथं बेलफास्ट शहरातला एक गुरांचा डॉक्टर पुढं येतो. जॉन बॉइड डनलॉप त्याचं नाव. त्याचा मुलगा दगडी फरसबंदीवर तीनचाकी सायकल चालवायचा आणि तिची खडखड बापाला बघवेना. डनलॉपनं एका लाकडी चकतीवर रबरी नळी बसवली, तीत हवा भरली, आणि घराच्या अंगणात दोन चाकं हातानं ढकलून पाहिली. एक त्या तीनचाकीचं भरीव रबराचं आणि एक आपलं हवेचं. भरीव रबराचं चाक अंगणातच कलंडलं. हवेचं चाक पलीकडच्या फाटकावर जाऊन आपटलं. धक्का कमी करायला गेलेल्या माणसाच्या हाती वेग लागला. १८८८ साली त्यानं पेटंट घेतलं. १८८९ साली विली ह्यूम हा स्वार असले फुगीर टायर घालून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला. लोक हसले, आणि तो शर्यती जिंकून गेला. हीच कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश इंजिनिअरनं १८४५ साली घोडागाडीसाठी मांडली होती. तेव्हा ती कुणी उचलली नाही आणि विस्मरणात गेली. पुढं त्यामुळंच डनलॉपचं पेटंट टिकलं नाही. असो.

योगायोग बघा. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ याच १८८८ सालचा मानतात, आणि तो आपल्या शेजारी बेळगावात, सायकलच्या दुकानातून झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू तिथं सायकली विकत, दुरुस्त करत आणि त्या चालवायला शिकवतही. पुढं १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घरोघरी गेला, हे आपल्याला ठाऊक आहे; पण त्याआधी या भागात यंत्राची गोडी लावली ती सायकलनं.

मऊ चाक जास्त का पळतं, हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. बिद्रीला दूधगंगा-वेदगंगा कारखान्यावर हंगामात उसाच्या गाड्या येतात. लाकडी चाकाची, लोखंडी धावेची गाडी आणि टायरची गाडी, यांत बैलांना कोणती हलकी जाते, ते कुणालाही विचारा. धावेचं चाक दगडावर आलं की सगळी गाडी, ओझ्यासकट, तेवढी वर उचलावी लागते, आणि ते उचलणं बैलाच्या मानेवर येतं. टायरचं चाक दगडाला तेवढ्यापुरतं आत घेतं आणि पुढं जातं. गाडी जिथल्या तिथं राहते. सायकलचं तसंच आहे. फरक इतकाच की, इथं बैल आपणच. टणक टायरवर प्रत्येक खडा सायकलीला आणि आपल्या अंगाला उडवतो. अंग थरथरतं, हात बधिर होतात, आणि त्या थरथरीत जी शक्ती जाते ती आपल्याच पायडलमधून गेलेली असते.

हे सगळं १८८९ सालीच कळलं होतं, तरी पुढं जग उलटं गेलं. गुळगुळीत लाकडी मैदानावरच्या शर्यतीत बारीक आणि टणक टायर खरोखरच चांगले चालतात. तीच फॅशन रस्त्यावर आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शर्यतीच्या सायकलींचे टायर २०–२३ मिलिमीटर इतके बारीक झाले. टणक टायरवर सायकल बारीक थरथरते आणि त्या थरथरीलाच आपण वेग समजतो. मग अमेरिकेत यान हाइने यांच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकानं खऱ्या रस्त्यावर, खरा माणूस बसवून मोजमापं केली. खडबडीत पृष्ठावर शक्ती किती वाया जाते, हे त्यांतून दिसलं, आणि रुंद, लवचीक टायर बारकांच्या मागं पडत नाहीत, हेही दिसलं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठमोठ्या शर्यतींतले स्वारसुद्धा २८–३० मिलिमीटरवर आले आहेत.

‘लवचीक’ हा शब्द मात्र विसरू नका. नुसता रुंद टायर पुरत नाही. कोरी करकरीत कोल्हापुरी चप्पल आणि तेल पिऊन मऊ झालेली चप्पल, दोन्हींचं माप एकच असतं. पण चालताना फरक कळतो. जाड, राठ टायर प्रत्येक फेऱ्यात वाकवताना शक्ती खातो. पातळ कापडाचा, मऊ टायर कमी खातो.

दुसरी गोष्ट चढाची. सेंत-एत्येन या फ्रान्समधल्या गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ होता. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावानं तो सायकलवर लिहायचा. १८५३ साली जन्मलेला हा माणूस १९३०पर्यंत जगला आणि सारं आयुष्य त्यानं एकच गोष्ट सांगितली: चढाला एक गिअर हवा आणि सपाटीला दुसरा. पाय सगळीकडे सारख्या सुखानं फिरले पाहिजेत. बैल चढावर जशी आपली चाल बदलतो, तशीच सायकलचीही बदलावी. शर्यत भरवणाऱ्या मंडळींना हे पटेना. टूर द फ्रान्स ही मोठी शर्यत १९०३ साली आंरी देग्रांज यानं सुरू केली. गिअर ही म्हाताऱ्यांची सोय आहे, असं त्याचं मत. त्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. म्हणजे हौशी प्रवासी जे पंचवीस-तीस वर्षं वापरत होते, ते शर्यतवाल्यांनी नंतर घेतलं. व्हेलोसियो आणखी एक सांगे. थोडं थोडं वेळेवर खात राहा, थांबा पण थोडकं, आणि कुणाला दाखवायला म्हणून जोर मारू नका. आमच्या खेड्यातला शहाणा माणूस दुसरं काय सांगेल?

आता वजनाचं बघू. इथं मात्र हिशेब मांडूनच बोललं पाहिजे. स्वार ६५ किलोचा. त्याची सायकल १२ किलोची असेल तर एकूण ७७. जुनी २० किलोची असेल तर ८५. फरक ८ किलोचा, म्हणजे शेकडा दहाच्या आसपास. राधानगरीहून दाजीपूरकडं चढताना तेवढाच जोर लावला, तर हलक्या सायकलला जिथं एक तास लागतो तिथं जड सायकलला सुमारे सहा मिनिटं जास्त लागतील. हा फरक खरा आहे. तो नाकारू नये. पण दुकानदार ज्या एका किलोसाठी हजारो रुपये मागतो, तो एक किलो तासाभराच्या चढात पाऊण मिनिट वाचवतो. आणि सपाटीवर? तिथं वजनाचा फरक जवळजवळ जाणवत नाही. पाणी प्यायला एकदा कमी थांबलात तरी ती भरपाई होते.

सपाटीवरचा खरा शत्रू वारा. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला शक्ती आठपट लागते. धडधाकट पण सराव नसलेला माणूस तासन्‌तास साधारण १०० वॅट शक्ती देऊ शकतो. जुन्या भाषेत सांगायचं तर अश्वशक्तीचा सातवा-आठवा भाग. एवढ्याशा भांडवलात वाऱ्याशी कुस्ती परवडत नाही. आणि वारा अडवतं ते सायकल नव्हे, आपलं अंग. पावसाळ्यात आपल्याकडं पश्चिमेचा वारा असतो; राधानगरीकडं जाताना तो तोंडावर येतो. तेव्हा कोपरात थोडं वाकावं, फडफडणारं उपरणं आवरावं, आणि दोघं-तिघं असाल तर आळीपाळीनं एकानं पुढं व्हावं. चांगल्या वेगात मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आणि जाताना वारा समोर असेल तर घाबरू नका. येताना तोच पाठीशी असतो.

चौथं, अंगाचं अवघडलेपण. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात आणि अर्धी ताकद फुकट जाते. सोपी खूण अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्या गावात शंभर सायकली बघितल्या तर बहुतेकांची सीट बुटकी निघेल. या दुरुस्तीला एक पाना लागतो, पैसा नाही. तसंच चेनचं. स्वच्छ, तेल दिलेली चेन शंभरातली दोन-चार टक्केच शक्ती खाते. गंजलेली, करकरणारी चेन त्याहून कितीतरी जास्त.

आपल्या माणसांनी हे सगळं करून दाखवलेलं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जग फिरायला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, १८ मार्च १९२८ रोजी सुमारे ७१,००० किलोमीटर कापून परत आले. पुन्हा भागाकार करा. दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर पडतात!  रोजचा आकडा छोटा, पण तो साडेचार वर्षं चालवला. अलीकडे, २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आळीपाळीनं सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं बारा दिवसांच्या आत पुरी केली. आणि ती पॅरिस–ब्रेस्टची फेरी आजही दर चार वर्षांनी भरते. आता ती शर्यत राहिलेली नाही; ९० तासांत पुरी केली की झालं. म्हणजे थांबणं, जेवणं, झोपणं धरून ताशी सव्वातेरा किलोमीटर. तरीही कितीतरी लोक वाटेत सोडून देतात. वेग कमी पडतो म्हणून नव्हे; अंग दुखतं, पोट बिघडतं, झोप अनावर होते म्हणून.

आता आपल्या काळ्या सायकलकडं पुन्हा बघा. तिचा टायर अठ्ठावीस इंची, रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. जगातले लांबच्या पल्ल्याचे स्वार शंभर वर्षं फिरून पुन्हा त्याच रुंदीच्या जवळपास आले आहेत! ही सायकल मुळात इंग्लंडातल्या खराब रस्त्यांसाठी घडलेली. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना इथल्या कारखान्यांनी ती खेडोपाडी पोचवली. तिचे दोष आहेतच. ती जड आहे, टायर राठ आहे, गिअर एकच आहे. चढावर ती मागं राहणार. पण तिच्यात वेग नाही, हे खरं नाही. सीट उंच करा, चेनला तेल द्या, छर्रे साफ करून वंगण भरा, आणि हवा बेताची ठेवा. तिच्या रूपाला नाव ठेवण्याआधी तिला एकदा अशी तयार करून बघा. आणि नवी सायकल घ्यायचीच असेल तर जरूर घ्या. पण रुंद टायर बसेल, चढासाठी हलका गिअर असेल आणि मडगार्ड लागेल, अशी घ्या. आपल्या रस्त्याला तीच शोभते.

हवा बेताची म्हणजे किती? शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग मुलांकडूनच करून घ्यावा. शाळेच्या मैदानाजवळ थोडा उतार असतो. वारा नसलेल्या दिवशी एकच मुलगा, एकच सायकल घ्या. उताराच्या एकाच खुणेवरून, पायडल न मारता, सायकल नुसती सोडून द्यायची आणि ती कुठं थांबते तिथं खडूची रेघ ओढायची. आधी हवा टणक, मग मध्यम, मग मऊ. प्रत्येक वेळी तीन-तीनदा. एकदा डांबरावर आणि एकदा मुरमावर. डांबरावर आणि मुरमावर एकच हवा पहिली येते का, ते मुलांनाच पाहू द्या. इतकी मऊ मात्र करू नका की खड्ड्यात रिम आपटेल. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागं हवा थोडी जास्त. बेलफास्टच्या अंगणात डनलॉपनं चाक ढकलून पाहिलं, ते याहून वेगळं नव्हतं.

मग रविवारी निघालेल्या त्या दोघांत आधी कोण परत येईल? चढावर पहिला पुढं जाईल, यात शंका नाही. पण खडबडीत रस्त्यावर त्याचे हात बधिर झाले, तो चारदा सावलीला टेकला, आणि दुसरा आपल्या चालीनं, वेळेवर भाकरी खाऊन, न थांबता चालत राहिला, तर बिद्रीच्या फाट्यावर चहा सांगून वाट बघत बसलेला दुसराच असेल. सायकलचा इतिहास हेच सांगतो. ज्यांनी माणसाचा त्रास कमी करायचा विचार केला, त्यांच्या हाती वेग आपोआप आला. आणि ज्यांनी नुसत्या वेगाचा ध्यास घेतला, त्यांना अखेर त्याच वाटेवर यावं लागलं.